विश्लेषण : ‘माँटी पायथन’च्या आधी नगरचा एक पोरगा होता... कोण होते स्पाइक मिलिगन?

‘पायथन’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलेल्यांना पहिल्या-दुसऱ्या तासालाच सांगितलं जातं की, हे नाव सापावरून आलेलं नाही. भाषा तयार करणाऱ्या गिडो व्हान रॉसम यांनी ते घेतलं ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेवरून. वर्गातले चार जण हसतात, बाकीचे पुढच्या स्लाइडकडे वळतात. आपल्याकडच्या बहुतेकांचा ब्रिटिश विनोद ‘मिस्टर बीन’पाशी सुरू होतो. शाळेतून यायचं, दप्तर टाकायचं आणि रिमोट शोधायचा. ‘माँटी पायथन’ भेटलाच तर फार नंतर, हॉस्टेलवर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून.

पण याच पायथन मंडळींना, हा असला शेंडाबुडखा नसलेला विनोद तुम्हाला सुचला कुठून, असं विचारलं की ते एक नाव घ्यायचे. स्पाइक मिलिगन. १९९९मध्ये बीबीसीने घेतलेल्या ऑनलाइन कौलात गेल्या हजार वर्षांतला सर्वांत विनोदी माणूस म्हणून लोकांनी निवडलेलं नावही हेच. ऑनलाइन कौल किती गांभीर्याने घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मात्र या माणसाचा जन्म अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, आणि पुढे याच जन्मगावामुळे त्यांच्या ब्रिटिश पासपोर्टचा प्रश्न उभा राहिला.

नगरशी नातं काय?

टेरेन्स ॲलन मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८चा. वडील लिओ मूळचे आयर्लंडमधल्या स्लायगोचे आणि ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात नोकरीला. आई फ्लोरेन्स इंग्लिश. पहिलं महायुद्ध संपायला अजून काही महिने होते आणि नगर ही तेव्हाही लष्कराची मोठी छावणी होती. टेरी छावणीत जन्मला आणि छावणीतच वाढला. नगरनंतर पुणे आणि पुण्यानंतर रंगून.

लिओ शिपाईगडी असले तरी जीव रंगमंचावर. गाणं, नाच, नकला, काउबॉयचा वेश करून नेमबाजीचे खेळ, असं सगळं ते सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत करायचे. फ्लोरेन्सही त्यांच्याबरोबर स्टेजवर असायची. घरातच नाटक कंपनी असल्यावर पोरगा वेगळं काय शिकणार?

पुण्यात कॅम्पातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत टेरीला घातलं. तिथली एक आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. नाताळात येशूजन्माचं नाटक होतं आणि टेरीला त्यात विदूषकाचं काम. शेवटच्या प्रवेशात गोठ्याभोवती सगळी पात्रं जमणार होती, पण विदूषकाने तिथे यायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. टेरीला ते पटेना. बाळाला बघायला सगळे जाणार आणि विदूषकच का नाही? ऐन वेळी तो गर्दीत घुसला आणि गोठ्यापाशी जाऊन उभा राहिला. पुढची सत्तर वर्षं त्यांनी कमी-अधिक फरकाने हेच केलं.

१९३३मध्ये सैन्यातल्या कपातीत लिओंची नोकरी गेली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. ‘परतलं’ असं म्हणायची पद्धत आहे, पण टेरी कुठून परतणार? पंधरा वर्षांच्या या मुलाचं तोवरचं आयुष्य पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं होतं. उन्हातून, बँडच्या आणि परेडच्या गजबजाटातून तो येऊन पडला आग्नेय लंडनच्या करड्या, थंड गल्ल्यांत. पैशांची ओढाताण होतीच. शाळा संपल्यावर कारकुनी वगैरे मिळेल ते काम आणि संध्याकाळी जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट, गिटार. ‘स्पाइक’ हे नावही संगीतातूनच आलं. स्पाइक जोन्स हा अमेरिकी बँडवाला भांडी, घंटा, पिस्तुलाचे बार असल्या आवाजांनी गाण्यांची टर उडवायचा. तो मिलिगनना भारी आवडला आणि त्याचं नाव त्यांनी उचललं.

तोफ हरवली, मित्र सापडला

१९४०मध्ये सैन्यात भरतीचं बोलावणं आलं. बापाप्रमाणे पोरगाही तोफखान्यातच. आधी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल इथे पहारा, मग १९४३मध्ये उत्तर आफ्रिका.

ट्युनिशियातला एक प्रसंग ब्रिटिश विनोदाच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला आहे. मिलिगन यांच्या तुकडीची एक अवजड हॉवित्झर तोफ नीट रोवली गेली नव्हती. बार उडाला तशी ती मागे सरकली आणि कड्यावरून थेट खाली गेली. खाली दुसऱ्या तुकडीचा ट्रक उभा होता आणि त्यात हॅरी सेकम नावाचा वेल्श तरुण बसला होता. तोफ थोडक्यात चुकली. काही वेळाने अंधारात ट्रकच्या कनातीतून एक डोकं आत आलं आणि इथे कुणाला एखादी तोफ दिसली का, अशी चौकशी केली. ते डोकं मिलिगन यांचं होतं. दोघांची ही पहिली भेट.

हसून झालं की पुढचं वाचावं लागतं. जानेवारी १९४४मध्ये इटलीत माँटे कसिनोच्या लढाईच्या काळात उखळी तोफेचा गोळा जवळ फुटून मिलिगन जखमी झाले. पायाची जखम भरली, पण मन भरून आलं नाही. तोफांचा आवाज झाला की रडू यायचं, थरकाप व्हायचा. आज त्याला आघातानंतरचा मानसिक आजार म्हणतात. तेव्हाच्या वरिष्ठांच्या लेखी तो भित्रेपणा होता. त्यांची लान्स बॉम्बार्डियरची पट्टी काढून घेतली गेली आणि ते पुन्हा साधे गनर झाले. लढाई सुटली, मागच्या छावण्यांत किरकोळ कामं आणि सैनिकांच्या करमणुकीसाठी गिटार वाजवणं तेवढं उरलं.

या सगळ्यावर त्यांनी पुढे आठवणींची पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. पहिलं आलं १९७१मध्ये आणि हिटलरच्या पाडावात माझा वाटा किती, अशा थाटाचं त्याचं नाव आहे. पुढे त्यावर सिनेमा निघाला. त्यात तरुण स्पाइकचं काम जिम डेल यांनी केलं आणि स्वतः स्पाइक यांनी आपल्या वडिलांचं, लिओंचं.

‘गून शो’मध्ये असं काय होतं?

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये चौघांचं टोळकं जमलं. मिलिगन, सेकम, मायकेल बेंटाइन आणि पीटर सेलर्स. अड्डा होता व्हिक्टोरिया भागातला ‘ग्राफ्टन आर्म्स’ हा पब. त्याचे मालक जिमी ग्राफ्टन स्वतः रेडिओसाठी लिहायचे. या टोळक्याचा रेडिओ कार्यक्रम बीबीसीवर २८ मे १९५१ला सुरू झाला. मिलिगनना नाव हवं होतं ‘गून’, पपाय या कार्टूनमधल्या थोराड, विचित्र प्राण्यांवरून घेतलेलं. बीबीसीने आधी ‘क्रेझी पीपल’ असं सोज्वळ नाव दिलं. पुढच्या वर्षी गून आलेच. सगळे ज्याच्याबद्दल बोलतायत तो ‘गो ऑन शो’ काय आहे, असं एका साहेबाने विचारल्याचा किस्सा बीबीसीत बरीच वर्षं फिरत होता.

तोवरचा रेडिओवरचा विनोद म्हणजे एक गोष्ट, एक गाणं, आणखी एक गोष्ट. मिलिगन यांच्या लक्षात आलं की, रेडिओवर नेपथ्याला पैसे पडत नाहीत. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीही उभं करता येतं. मग १९५५च्या एका भागात नायक नेडी सीगून एक पियानो इकडून तिकडे हलवायचं कंत्राट घेतो. सही केल्यावर कळतं, पियानो नेपोलियनचा आहे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि तो न्यायचाय इंग्लंडला. शेवटी ही मंडळी पियानोवरच बसून इंग्लिश खाडी ओलांडायला निघतात. दुसऱ्या एका भागात युद्धातल्या ब्लॅकआउटच्या अंधारात कुणीतरी लोकांवर पुडिंग फेकून मारतं आहे आणि त्याचा तपास चालू आहे. गाव कुठलं? बेक्सहिल. जिथे मिलिगन खरोखर पहाऱ्यावर होते तेच.

१९५७चा एक प्रवेश तर आजही यूट्यूबवर ऐकला जातो. ब्लूबॉटल हा पोरगा एकल्सला वेळ विचारतो. एकल्स, म्हणजे मिलिगन यांचं लाडकं बावळट पात्र, आठ वाजलेत म्हणून सांगतो. कशावरून? सकाळी एका भल्या गृहस्थाने कागदावर लिहून दिलं आहे. मग आठ वाजले नसतील तेव्हा कुणी विचारलं तर? तेव्हा तो कागद दाखवतच नाही. आठ वाजले हे कळतं कसं? कागदावर लिहिलंय की! प्रोग्रामिंग करणाऱ्याला यात अडकलेला लूप दिसेल, बाकीच्यांना सरकारी कचेरी. यातलं एकेक वाक्य आपल्या जागी बरोबर आहे, फक्त सगळं मिळून वेड आहे. छावणीतले नियम, हुकूम, शिक्के आणि साहेब जवळून पाहिलेल्या माणसाचाच हा विनोद.

आवाजांवरही मिलिगन यांचा जीव होता. कस्टर्डने भरलेला मोजा भिंतीवर आपटला तर कसा आवाज येईल, हे त्यांना हवं होतं. सांगतात की, त्यांनी बीबीसीच्या कॅन्टीनमधून कस्टर्ड मागवलं. बिचाऱ्याचं पोट बिघडलं असेल, असं समजून तिथल्या बाईंनी मायेने ताजं करून दिलं. यांनी तिच्यासमोरच मोजा काढला आणि त्यात ओतलं.

जवळपास दहा वर्षं, २८ जानेवारी १९६०पर्यंत, हा प्रकार चालला. रेडिओला कान लावून बसणाऱ्या मुलांमध्ये लिव्हरपूलचा जॉन लेनन होता, पायथनवाले होते आणि राजपुत्र चार्ल्स, म्हणजे आजचे राजे, हेही होते.

हसवणाऱ्याचं काय झालं?

दर आठवड्याला अर्ध्या तासाचं नवं वेड लिहायचं. लॅरी स्टीव्हन्स, एरिक साइक्स यांची साथ होती, पण मुख्य भार मिलिगन यांच्यावरच. शेफर्ड्स बुशमध्ये एका भाजीच्या दुकानाच्या वर लेखकांचं ऑफिस होतं, तिथे रात्र-रात्र काम चालायचं. १९५२च्या अखेरीस ते कोलमडले. हातात बटाटे सोलायची सुरी घेऊन ते शेजारी सेलर्सला मारायला निघाले होते, असं सांगितलं जातं. त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि कार्यक्रमाचे बरेच भाग त्यांच्याशिवाय झाले. बरं वाटतंय असं म्हणेपर्यंत पुन्हा लिखाण सुरू.

असे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले. हा आजार बायपोलर डिसऑर्डर होता. विनोदी माणूस आतून दुःखी असतो, हे वाक्य फार स्वस्त झालंय आणि मिलिगन यांच्याबाबतीत ते अपुरंही आहे. आजारपणामुळे ते विनोदी झाले नाहीत, आजारपण असूनही लिहीत राहिले, आणि त्याची किंमत घरच्यांनीही मोजली. त्यांनी केलेली वेगळी गोष्ट म्हणजे त्याबद्दल चारचौघांत बोलणं. पुरुषांनी असलं काही बोलायचं नसतं अशा काळात ते मुलाखतींत नैराश्याबद्दल मोकळेपणाने बोलायचे. १९९३मध्ये मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्यांनी नैराश्यातून तगून राहण्यावर पुस्तकही लिहिलं.

टीव्हीवर काय बदललं?

१९६३मध्ये बीबीसीने ‘द टेलिगून्स’ ही पपेटची मालिका आणली. जुन्या रेडिओ गोष्टी, मिलिगन-सेकम-सेलर्स यांचेच आवाज आणि पडद्यावर बाहुल्या. पंधरा-पंधरा मिनिटांचे २६ भाग झाले. रेडिओवरचे गून ज्यांच्या वाट्याला आले नव्हते, त्या लहान मुलांना ते टीव्हीवर असे भेटले. तेव्हाच मिलिगन यांची मुलांसाठीची गंमतगाणी घरोघरी पाठ होत होती. त्यांतलं गायी, माकडं आणि उंदरांचं एक गाणं १९९८मध्ये ब्रिटनमधली सर्वांत आवडती विनोदी कविता ठरलं. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये ‘एल्फिन ओक’ नावाचा जुना ओकचा बुंधा आहे, त्यावर पऱ्या आणि बुटके कोरलेले. साठच्या दशकात तो मोडकळीला आला तेव्हा मिलिगन पुढे झाले आणि त्याची डागडुजी केली. बेडजेली नावाच्या चेटकिणीची त्यांची गोष्ट न्यूझीलंडच्या रेडिओवर मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकली.

मोठ्यांच्या टीव्हीतली त्यांची खरी करामत २४ मार्च १९६९ची. बीबीसी टूवर ‘क्यू फाइव्ह’ सुरू झालं. यात प्रवेश सुरू व्हायचे, पण संपायचे नाहीत. टाळीचं वाक्य येणार असं वाटायचं आणि पात्रं मध्येच थांबून, आता पुढे काय करायचं, असं पुटपुटत कॅमेऱ्याकडे चालत यायची. कपड्यांवर भाड्याच्या दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच लटकलेल्या.

त्याच सुमाराला टेरी जोन्स, मायकेल पेलिन आणि त्यांचे मित्र स्वतःच्या मालिकेची जुळवाजुळव करत होते. ‘क्यू फाइव्ह’ पाहून त्यांना धक्काच बसला. आपण जे करायचं ठरवतोय ते या माणसाने आधीच करून टाकलं! प्रवेशाला शेवट लागतोच असं नाही, हे त्यांनी तिथून घेतलं आणि ‘क्यू फाइव्ह’चे दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यांनाही. ५ ऑक्टोबर १९६९ला ‘माँटी पायथन’ सुरू झालं आणि जगभर गेलं. ‘क्यू’ ब्रिटनपुरतंच राहिलं. पायथन मंडळींची बांधणी पक्की होती आणि मिलिगन यांच्याकडे शिस्त नावाला नव्हती, हेही खरं.

१९७८मध्ये पायथन मंडळी ट्युनिशियात ‘लाइफ ऑफ ब्रायन’चं शूटिंग करत होती. मिलिगन तिथेच आपल्या जुन्या रणभूमीवर सुट्टी घालवायला गेले होते. त्यांना पाहून लगेच एक छोटी भूमिका दिली गेली. सकाळचं शूटिंग झालं आणि जवळून शॉट घ्यायची वेळ आली तर हे गायब. सुट्टीवर होते ना, निघून गेले.

एक डाग मात्र झाकता येत नाही. १९६९मध्येच आयटीव्हीवरच्या ‘करी अँड चिप्स’ मालिकेत मिलिगन यांनी चेहऱ्याला काळा रंग फासून अर्ध्या पाकिस्तानी, अर्ध्या आयरिश कामगाराचं काम केलं. लेखक जॉनी स्पेट यांचा दावा होता की, टिंगल वर्णद्वेषी गोऱ्यांची आहे. पण घरोघरी पोहोचल्या त्या शिव्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्या ऐकाव्या लागल्या सावळ्या मुलांना. सहा भागांत मालिका बंद झाली. १९७५मध्ये मिलिगन यांनी स्वतः याच वळणाची ‘द मेल्टिंग पॉट’ केली, तिचा एक भाग दाखवून बीबीसीने बाकीचे दाखवलेच नाहीत. पुण्यात वाढलेल्या माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं, असं म्हणवत नाही. त्यांना भारताबद्दल माया होती, पण ती छावणीच्या आतून पाहिलेल्या भारताबद्दलची होती.

जन्मगाव आडवं कसं आलं?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनने जुन्या साम्राज्यातून येणाऱ्या लोकांसाठी दारं अरुंद करायला घेतली. १९६२चा कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायदा त्यातलाच. कागदपत्रं तपासली गेली तेव्हा मिलिगन यांची नोंद अशी निघाली : जन्म भारतात, वडील आयरिश. म्हणजे ब्रिटिश पासपोर्टवर आपोआप हक्क नाही. सहा वर्षं ब्रिटिश सैन्यात काढलेल्या, इटलीत रक्त सांडलेल्या आणि दहा वर्षं देशाला रेडिओवर हसवलेल्या माणसाला सांगण्यात आलं की, अर्ज करा आणि निष्ठेची शपथ घ्या. एकल्सच्या कागदाचीच ही गोष्ट, फक्त यात हसणं अवघड होतं.

मिलिगन यांनी शपथ घ्यायला नकार दिला. वडिलांच्या आयर्लंडने त्यांना पासपोर्ट देऊ केला, तो त्यांनी घेतला आणि १९६२पासून अखेरपर्यंत ते आयरिश नागरिक राहिले. राहायला मात्र इंग्लंडमध्येच. आईवडील तोवर ऑस्ट्रेलियात वॉय वॉय या किनाऱ्यावरच्या गावी स्थायिक झाले होते. मिलिगन तिथे जाऊन-येऊन असत, ‘पकून’ ही आयर्लंडवरची विनोदी कादंबरी त्यांनी बरीचशी तिथे बसून लिहिली. त्या गावातल्या एका पादचारी आणि सायकल पुलाला आज त्यांचं नाव आहे.

ब्रिटिश नागरिक नसल्याने पुढचे सरकारी सन्मानही मानद म्हणूनच मिळाले. १९९२मध्ये सीबीई आणि २००१मध्ये केबीई, म्हणजे नाइटहूड खरं, पण नावाआधी ‘सर’ लावता येणार नाही असं. दरम्यान १९९४मध्ये ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये त्यांना जीवनगौरव दिला गेला. सोहळा टीव्हीवर थेट चालू होता. राजपुत्र चार्ल्स यांचं कौतुकाचं पत्र वाचून दाखवलं जात असतानाच मिलिगन यांनी त्यांना एक सणसणीत शिवी हासडली. सभागृह हसून लोळलं. नंतर त्यांनी चार्ल्सना निरोप पाठवून, म्हणजे आता नाइटहूडचं काही खरं नाही ना, अशी चौकशी केल्याचं सांगतात. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

सेलर्स १९८०मध्येच गेले होते, बेंटाइन १९९६मध्ये, सेकम २००१मध्ये. २७ फेब्रुवारी २००२ला, वयाच्या ८३व्या वर्षी, ससेक्समधल्या राय गावाजवळच्या आपल्या घरी मिलिगन यांचं निधन झालं. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. मी आजारी आहे असं सांगत होतो ना, अशा अर्थाची ओळ आपल्या थडग्यावर असावी, अशी त्यांची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना ती प्रशस्त वाटेना. दगडाविनाच दोन वर्षं गेली. अखेर तडजोड निघाली : हीच ओळ चालेल, पण इंग्रजीत नको, आयरिश भाषेत लिहा. २००४मध्ये दगड बसला. आज तिथे येणारे बहुतेक इंग्रज त्या ओळीसमोर उभे राहतात आणि सोबत कुणी आयरिश जाणणारं नसेल, तर खिशातून फोन काढून अर्थ शोधतात.